गेमिंग पीसी मध्येच बंद पडतोय? आणण्याआधी फॉरमॅट मारू नका

"गेम सुरू केला की पीसी बंद पडतो. फॉरमॅट मारून बघितला, तरी तेच." दुरुस्तीला येणाऱ्या गेमिंग मशीनबद्दल हे आम्ही सतत ऐकतो. म्हणून आधीच विनंती: फॉरमॅट मारू नका. मशीन अडखळतं तेव्हा विंडोज त्याच्या नोंदी ठेवते आणि फॉरमॅटमध्ये त्या पुसल्या जातात. मग बिघाड पुन्हा होईपर्यंत मशीन चालवून बघण्याशिवाय आमच्या हाती काही राहत नाही. आठवड्यातून एकदा होणारा बिघाड टेबलावर लगेच होत नाही, आणि तुमचे दिवस जातात.

नोंदी स्वतः वाचणार असाल तर एक सांगतो. विंडोजच्या या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की बरेच जण एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) गेला असं समजून नवा घेतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की विंडोज नीट शटडाउन झाली नव्हती. कारण एसएमपीएस असेल, मदरबोर्ड असेल, वाढलेलं तापमान असेल किंवा भिंतीतला सैल सॉकेट. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची नोंद मात्र आम्हाला जरूर दाखवा. ती हार्डवेअरने स्वतः केलेली तक्रार असते.

स्क्रीनवरचा मेसेजही दिशाभूल करतो. 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' आलं म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायला निघालेले ग्राहक आम्ही थांबवले आहेत. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते, आणि तेव्हा हाच मेसेज यायचा. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमधून (मदरबोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) मिळणारी दुरुस्ती दिली आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. तुमचा प्रोसेसर यातला असेल तर बिल शोधून ठेवा, नवा घेण्याआधी क्लेम करू.

पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही? मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, ते पाहा. डीडीआर५ रॅम नवी बसवली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. घाईने बटण दाबून बंद करू नका. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे बारीक दिवे असतात. त्यातला कुठला पेटून राहतो त्याचा फोटो काढा. त्या एका फोटोने आमचं निम्मं काम होतं.

"पार्ट बदलला नाही, मग चार्ज कसला?" असंही विचारलं जातं. रॅमची पूर्ण चाचणी बहुतेक वेळा रात्रभर चालते. त्यानंतर आमचा तपासलेला एसएमपीएस लावून, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या मशीनवर चालवून, एका वेळी एकच गोष्ट बदलत आम्ही पुढे जातो. यात वेळ जातो, पण अंदाजाने घेतलेल्या कार्डापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पार्ट आमच्याकडून घेतलात तर तपासणीचा चार्ज बिलातून वजा होतो.

मशीन आणताना कॅबिनेट आडवं, काचेची बाजू वर करून आणा. स्कूटरवर पायाशी उभं ठेवलं तर खड्ड्यांत जड कार्डाचा सगळा भार स्लॉटवर येतो. दुचाकीवरच आणायचं असेल तर आधी फोन करा, कार्ड सोडवून वेगळं कसं आणायचं ते सांगू.