वारा सरला का?

पोटाचं ऑपरेशन झालं की सकाळच्या राउंडला सर्जन हमखास विचारतात, "गॅस पास झाला का?" पेशंट ओशाळतो, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक भलतीकडे बघतात. पण आतडी पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असते.

आतडी थांबतात कशानं? एक तर त्यांना हात लावलेला खपत नाही. हाताळणीनं त्यांच्या स्नायूंच्या थराला सूज येते. शरीरावर ताण आला की ज्या नसा जाग्या होतात, त्या पचनाला ब्रेक लावतात. वर दुखण्यासाठी दिलेलं मॉर्फिन आतड्यांनाही सुस्तावतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हाताळणी कमी, म्हणून पोट लवकर सावरतं.

गंमत म्हणजे सगळी पचनसंस्था एकदम जागी होत नाही. लहान आतडं साधारण दिवसभरात चालू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. वारा सरतो तो या सगळ्यात आळशी मोठ्या आतड्यातून! तरी वर्षानुवर्षं त्याची वाट बघत पेशंटला सलाईनवर उपाशी ठेवलं जाई. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी हा शिरस्ता मोडला: मॉर्फिन कमी, तोंडानं खाणं-पिणं लवकर, आणि पेशंटला लवकर उठवणं. आता बऱ्याच ऑपरेशनांनंतर पहिल्या चोवीस तासांतच पेज, ताक, मऊ भात सुरू करतात. अर्थात तुमच्या पोटात नेमकं काय कापलं-जोडलं, हे सर्जनलाच ठाऊक. घरच्यांनी परस्पर डबा उघडू नये.

च्युइंगम चघळायला देतात तीही एक हूल. तोंड हललं की मेंदूला वाटतं जेवण आलं, आणि व्हेगस नस आतड्यांना तसा निरोप धाडते. फायदा होतो, पण बेताचाच. कॉफीचं त्याहून नवल: 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर कॉफी घेणाऱ्यांना पाणी पिणाऱ्यांपेक्षा सुमारे 14 तास आधी शौचाला झाली.

चालल्यानं वारा सरतो, असं वॉर्डात सगळेच सांगतात. त्याचा पुरावा मात्र तोकडा आहे. तरी चालाच, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत आणि छातीत कफ साठू नये म्हणून.

घरी गेल्यावर पोट फुगून टणक झालं, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा वारा सरणंच बंद झालं, तर ओवा-हिंग चोळत बसू नका. थेट दवाखाना गाठा.