बोंडअळीचा पतंग मादीला ओळखतो कसा?

तात्यांनी यंदा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, हेक्टरी पाच या हिशेबाने कामगंध सापळे (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग पकडणारे) लावले आणि पंधरा दिवस रोज सकाळी पिशव्या चाचपून पाहिल्या. गुलाबी बोंडअळीचा एकही पतंग नाही. एका पिशवीत दोन-तीन जाडे, मातकट पतंग होते, ते त्यांनी झटकून टाकले. "औंदा बोंडअळी न्हाई बघ," म्हणून स्वारी निर्धास्त. मी परभणीहून गावी गेलो तेव्हा धुऱ्यावरून जाता जाता सहज एक डोमकळी (अळीमुळे न उमललेलं कपाशीचं फूल) उघडली, तर आत अळी वळवळत होती. मग सापळ्यातली आमिषाची गोळी पाहिली. तिचं रिकामं पाकीट तात्यांनी काठीलाच खोचून ठेवलं होतं आणि त्यावर नाव होतं हिरव्या बोंडअळीचं. दुकानदाराने गोळी भलतीच दिली होती. सापळा बरोबर, उंची बरोबर, वेळ बरोबर. वास तेवढा दुसऱ्या जातीच्या मादीचा.

"कामून रे, एवढ्याशा पतंगाला एवढं कळतं?" तात्यांनी विचारलं. कळतं. ते कसं, याचा माग काढायला माणसाला पाऊणशे वर्षांहून जास्त लागली, आणि त्या वाटेवर चुकीच्या गोळ्या फक्त तात्यांनाच मिळाल्या असं नाही.

सुरुवात पतंगापासून नाही, साखरेपासून झाली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर साखरेच्या रेणूंची रचना उलगडत होते. एकाच घटकांचे, एकाच वजनाचे, फक्त एका टोकाची दिशा वेगळी असलेले दोन रेणू त्यांनी घेतले. यीस्टमधलं विकर (एन्झाइम) त्यातला एक फोडायचं आणि दुसऱ्याला शिवायचंही नाही. बदामातलं विकर नेमकं उलट करायचं. १८९४ मध्ये फिशर यांनी लिहिलं की विकर आणि त्याचा पदार्थ कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसायला हवेत. रेणूंची ओळख ही आकाराची ओळख आहे, या विचाराचा जन्म तो. पुढे पॉल एर्लिक यांनी तोच विचार औषधांना आणि प्रतिपिंडांना लावला. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी त्यात दुरुस्ती सुचवली: कुलूप लोखंडी नसतं, किल्ली आत शिरताना ते स्वतःही थोडं वळतं, जसा पायमोजा पाय घातल्यावरच पायासारखा होतो. असली कुलपं माणसाने प्रयोगशाळेत घडवायला घेतली ती १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याबद्दल पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना १९८७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पतंग या कथेत आला तो रेशमाचा, आणि तो जालना-बीडकडच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. तुतीची लागवड आपल्याकडे रुळली आहे, जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोषांची खरेदी-विक्री होते. पण कोष विकणाऱ्या शेतकऱ्याला पतंग सहसा दिसत नाही, कारण पतंग बाहेर पडला की कोषाला भोक पडतं आणि भाव जातो. एखादा कोष चंद्रिकेत, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या चौकटीत, अडकून राहिला तर मात्र पाहण्यासारखं असतं. मादी जागची हलत नाही. पोटाचं टोक बाहेर काढून नुसती बसते. हाताच्या अंतरावरचा नर मात्र पंख फडफडवत, गोल गोल फिरत तिच्यापर्यंत येतो. हजारो वर्षांच्या पाळीवपणात तो उडणं विसरला, हे ओळखणं विसरला नाही.

अडॉल्फ बुटेनांट यांनी जर्मनीत या मादीच्या वासाचा रेणू शोधायला घेतला तेव्हा दुसरं महायुद्धही सुरू व्हायचं होतं. सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी कापून हाती आले काही मिलिग्रॅम. १९५९ मध्ये रचना जाहीर झाली, नाव ठेवलं बॉम्बिकॉल: सोळा कार्बनची साखळी, तिच्यात दोन दुहेरी बंध, टोकाला अल्कोहोल. कीटकांच्या अशा गंधांसाठी 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षी रूढ झाला. आपण कामगंध म्हणतो तो हाच. नराच्या मिशांवर या वासासाठी सुमारे सतरा हजार केस असतात. बॉम्बिकॉलचा एक रेणू एका चेतापेशीला जागं करायला पुरतो, हे १९७० मध्ये मोजून दाखवलं गेलं. ते कुलूप, म्हणजे बॉम्बिकॉल पकडणारं प्रथिन, हाती लागायला मात्र २००४ उजाडलं.

एक किल्ली, एक कुलूप, आणि तेही इतकं नेमकं. फिशर यांच्या कल्पनेला याहून चांगला दाखला काय हवा? घोटाळा नेमका इथूनच सुरू झाला.

गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं १८४३ मध्ये, भारतातल्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. पुढे ही अळी जगभर पसरली आणि अमेरिकेतला कापूसही तिने पोखरला. तिथल्या संशोधकांनी १९६६ मध्ये तिच्या मादीचा गंध सापडल्याचं जाहीर केलं, त्या रेणूला प्रॉपिल्युअर नाव दिलं, तो प्रयोगशाळेत बनवला. शेतात लावला. नर आलेच नाहीत. मग शेकडो रसायनं चाळून हेक्झाल्युअर नावाचा एक पदार्थ सापडला, त्याच्याकडे नर येत, पण थोडे. हा मादीचा वास नव्हताच, तिची हलकी नक्कल होती. खरा गंध उलगडला १९७३ मध्ये. तो एक रेणू नव्हता. दोन होते. दोन्हींत सोळा कार्बन, दोन्हींत सातव्या आणि अकराव्या जागी दुहेरी बंध, टोकाला ॲसिटेट. फरक एवढाच की अकराव्या जागेपाशी एकाची साखळी एका बाजूने वळते आणि दुसऱ्याची विरुद्ध. हे दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे असले तरच नर धावतो. एकटा कुठलाही रेणू ठेवा, त्याला फारसं देणंघेणं नाही. हे मिश्रण म्हणजे गॉसिप्ल्युअर. १९७८ मध्ये अमेरिकेत पतंगांच्या मीलनात अडथळा आणण्यासाठी त्याची रीतसर नोंदणी झाली.

तात्यांना मिळालेल्या गोळीतला मुख्य रेणूही सोळा कार्बनचाच. फक्त दुहेरी बंध एक, टोकाला ॲल्डिहाइड, आणि जोडीला दुसरा रेणू, साधारण सत्त्याण्णवाला तीन या प्रमाणात. रेशमाचा पतंग, हिरवी बोंडअळी, गुलाबी बोंडअळी: तिघांच्या माद्या एकाच लांबीच्या साखळीतून तीन वेगळी नावं उच्चारतात म्हणा ना.

म्हणजे मिशीवरच्या केसात होते ती रेणूची ओळख. पण 'ही आपल्या जातीची मादी' हा निर्णय तिथे होत नाही. तो होतो पतंगाच्या मेंदूत, दोन प्रकारच्या कुलपांतून आलेल्या संदेशांचं प्रमाण जुळवून. ही ओळख एका खुणेची नाही, खुणांच्या मेळाची आहे. इंग्रजीत ज्याला पॅटर्न रेकग्निशन म्हणतात आणि आपण आकृतिबंध ओळखणं असा जडशीळ शब्द वापरतो, ती हीच गोष्ट.

गंमत म्हणजे या दुसऱ्या ओळखीच्या मुळाशीही एक फिशरच आहे, फक्त स्पेलिंग वेगळं. रोनाल्ड फिशर, इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ. १९३६ मध्ये त्यांनी आयरिसच्या तीन जातींची दीडशे फुलं घेतली. प्रत्येकाची चार मापं: दोन प्रकारच्या पाकळ्यांची लांबी आणि रुंदी. कुठल्याही एका मापावरून तिन्ही जाती नीट वेगळ्या निघत नाहीत, पण चारही मापांना योग्य वजन देऊन बेरीज केली तर जवळपास निघतात. 'जवळपास' हा शब्द इथे महत्त्वाचा. त्याच वर्षी कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दोन समूहांमधलं अंतर मोजायची आपली रीत मांडली, ती आजही त्यांच्याच नावाने वापरतात. कुलूप-किल्लीत हो किंवा नाही असतं, इथे बहुधा असतं.

आपलं नाक चालतं ते याच रीतीने. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये वास ओळखणाऱ्या प्रथिनांचं मोठं घराणं शोधलं (२००४चं नोबेल त्यासाठीच). माणसात अशी चालू प्रथिनं साधारण चारशे. वास मात्र त्याहून कितीतरी जास्त ओळखता येतात, कारण एक वास अनेक कुलपं थोडीथोडी हलवतो आणि एक कुलूप अनेक वासांना हलतं. ओल्या मातीचा वास म्हणजे कुठली एक घंटा नव्हे, अख्खी चाल. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, इंग्लंडमध्ये कृष्णा पेरसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी मोजक्या सेन्सरांचं कृत्रिम नाक बनवून दाखवलं होतं. त्यातला कुठलाही सेन्सर एकटा नेमका नव्हता.

शरीराची रोगप्रतिकारशक्तीही अशी ठोकळ ओळख वापरते, हे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये अंदाजाने मांडलं: प्रत्येक जंतूसाठी वेगळं कुलूप असण्याआधी, जंतूंमध्ये सर्रास आढळणाऱ्या रचना ओळखणारी काही जुनी कुलपं असली पाहिजेत. १९९६ मध्ये फळमाशीत त्याचा पुरावा मिळाला आणि पाठोपाठ माणसातही.

आता बीटीकडे. मराठवाड्यात रेणूंच्या ओळखीची खरी किंमत मोजली गेली ती इथे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. त्याची पहिली गाठ पडली तीही रेशीमकिड्यातच: १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या किड्यांमध्ये दिसला. १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांनी थुरिंजिया प्रांतातल्या पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडलेल्या जिवाणूचं वर्णन केलं, नाव त्या प्रांतावरून पडलं. या जिवाणूचं स्फटिकासारखं प्रथिन अळीच्या पोटात जातं, तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, कातरलं जातं आणि आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतं. त्यातलं एक मुख्य म्हणजे कॅडहेरिन. चिकटलं की भोकं पडतात, पेशी फुटतात, अळी मरते. आपल्या आतड्यात ते कुलूपच नाही.

या प्रथिनाचं जनुक असलेल्या कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते पहिले तीन संकरित वाण महिकोचे, म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेल्या बियाणे कंपनीचे. २००६ मध्ये दोन प्रथिनांचा बीटी आला. अपेक्षा अशी की एक कुलूप बदललं तरी दुसरी किल्ली चालेल. पण दुसरी किल्ली नीट पसरेपर्यंत पहिलं कुलूप बदलायला लागलं होतं. गुजरातमधली गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं. पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि २०१७च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात फुटलेल्या बोंडांतून कापसाऐवजी किडकी कवडी निघाली.

अळीने केलं काय? ॲरिझोनातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकाची तीन बिघडलेली रूपं दाखवली. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्या २०१४ मध्ये तपासल्या गेल्या, तर त्यांचा कारभार अजून पसरट निघाला: त्याच जनुकाचा संदेश वेगवेगळ्या ठिकाणी कातरला जाऊन कुलपाच्या नाना मोडक्या आवृत्त्या तयार झाल्या होत्या. किल्ली तीच, भोक नाहीसं.

हे गुलाबी अळीच्याच बाबतीत का झालं? हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते; तिथे बीटी नाही, म्हणून जुन्या कुलपाच्या अळ्या टिकून राहतात. गुलाबीचा संसार जवळपास सगळा कापसावर. त्यात आपल्याकडे बीटी आला तो संकरित वाणांत. अशा झाडाच्या बोंडात, एकच बीटी जनुक असेल तर, साधारण चौथाई सरक्यांत त्याचा पत्ताच नसतो. अळी वाढते ती याच सरमिसळ सरकीवर. शिवाय फरदड. वेचणी संपल्यावर पाणी असलं की पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवायची, म्हणजे अळीला आयता मुक्काम. आणि ते १२० ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट, जे ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत फुकट यायचं! कडेने ते पेरायचं, म्हणजे तिथे जुन्या कुलपाचे पतंग वाढतील आणि प्रतिकारक पतंगांशी जुळतील. आमच्या घरी ती पाकिटं माळ्यावर पडून असायची. एका वर्षी आजीने त्यातली सरकी म्हशीला घातली. "कीड पोसायला कोण पेरतं?" हा तात्यांचा प्रश्न तेव्हा बिनतोड वाटला होता.

तर आता उरला सापळा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, असं कृषी विद्यापीठं सांगतात. मोजणीसाठी मोबाइलचे ॲपही निघाले आहेत: पतंग पसरा, फोटो काढा, आकडा घ्या. त्यामागची वाट १९५८च्या रोझेनब्लाट यांच्या परसेप्ट्रॉन या उदाहरणांतून शिकणाऱ्या यंत्रापासून फुकुशिमा यांच्या १९८०च्या, चित्रं ओळखणाऱ्या जाळ्यावरून आजच्या न्यूरल नेटवर्कपर्यंत येते. कल्पना मात्र दीडशे फुलांचीच, मापं चारऐवजी लाखो. मी तात्यांच्या पिशवीवर एक वापरून पाहिला. नवी, बरोबर गोळी लावल्याच्या दुसऱ्या सकाळी पिशवीत अकरा पतंग होते, काही एकमेकांवर, दोघांचे पंख झडलेले. फोनने आठ सांगितले.

बोंडातली अळी मात्र या दोन्ही ओळखींच्या बाहेर राहते. ती बारीक असतानाच आत शिरते आणि मागे भोक बुजून जातं. बोंड बाहेरून हिरवंगार, ठणठणीत. गोळीला फक्त नर कळतो, कॅमेऱ्याला फक्त वरचं दिसतं. त्यासाठी शेतात फिरून वीस बोंडं तोडायची आणि दगडावर फोडायची, दोन किडकी निघाली तरी धोक्याची पातळी. तात्या उकिडवे बसले आणि फोडत गेले. सात निघाली.