चहात साखर किती, हे कोण ठरवणार?

बोरिवलीतल्या एका वृद्धाश्रमात मी दर शनिवारी जाते. चार वाजता मोठ्या किटलीतून चहा येतो, दूध-साखर आधीच घातलेला. दादरच्या चाळीत आयुष्यभर स्वतः आलं ठेचून चहा करणाऱ्या एक आजी कप हातात घेतात, पण निम्मा तसाच ठेवतात. "आवडला नाही का?" विचारलं, तर म्हणाल्या, "आवडायचं काय त्यात? येतो तो प्यायचा."

आपल्या हातात काहीच उरलं नाही, ही भावना माणसाला आतून पोखरते. 1976 साली अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका शुश्रूषागृहात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा. हे रोप घ्या आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची बहुतेक मंडळी जास्त आनंदी, जास्त हिंडती-फिरती झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बहुतेकांची तब्येत उतरली. प्रयोग लहान होता, शंभराहूनही कमी माणसांचा. तरी मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात औषध नव्हतं की खर्च नव्हता.

आमच्या आश्रमात आता साखर वेगळी ठेवतात. आजींना खलबत्ता मिळालाय. त्यांच्या टेबलावरच्या चार जणांचं आलं त्याच ठेचतात.

अर्थात सगळंच चहाने सुटत नाही. उतारवयातलं नैराश्य बरेचदा रडण्यातून दिसतच नाही. भूक मंदावते, पहाटे तीनला जाग येते, अंग दुखतं, विसरायला होतं. आपण म्हणतो, "वय झालं." पण नैराश्य हा वयाचा भाग नव्हे, तो उपचारांनी बरा होणारा आजार आहे. पंधरा हो-नाही प्रश्नांच्या एका चाचणीतून त्याचा अंदाज येतो, निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि आधी कान तपासून घ्या. ऐकू येत नाही म्हणून गप्प झालेली माणसं मी पाहिली आहेत.

भेटीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांच्या अभ्यासात विद्यार्थी वृद्धांना भेटायला जात. भेट कधी, हे ज्यांना आधी माहीत असे किंवा जे ती स्वतः ठरवत, ते अधिक खुलले. पण अभ्यास संपला, भेटी थांबल्या आणि पुढे नेमके तेच जास्त खचले. म्हणून उत्साहात रोज जाण्यापेक्षा जमेल तेवढंच कबूल करा आणि पाळा.

जुलैत रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या, तेव्हा दुपारी दोनलाच मी आश्रमात फोन केला. आजी फोनवर आल्या. म्हणाल्या, "कळवलंस ते बरं केलंस. नाहीतर मी दारातच बसले असते."