उडी मारून जमिनीवर येताना हाडात काय घडते

लहान मुलांनी उड्या का माराव्यात, असे विचारले तर बहुतेक घरांतून आणि बऱ्याच शाळांमधूनही एकच उत्तर येते: उंची वाढते म्हणून. हे उत्तर चुकीचे आहे. त्याच्या जागी जे बरोबर उत्तर आहे, ते गेल्या चाळीसएक वर्षांतील प्रयोगांनी फार सुंदर रीतीने उलगडले आहे, आणि तरीही ते प्राथमिक शाळेच्या खेळाच्या तासापर्यंत पोहोचलेले नाही याची मला मनापासून खंत वाटते. परीक्षा जवळ आली की जो तास सर्वांत आधी दुसऱ्या विषयाला दिला जातो, त्या तासात मुलांच्या हाडांमध्ये नेमके काय घडू शकते, ते या लेखात सांगायचे आहे.

उंचीचा प्रश्न आधी निकालात काढू. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिच्यातील पेशी विभागतात, फुगतात, मागे राहिलेल्या कूर्चेची जागा हाड घेते आणि हाड लांब होत जाते. ही पट्टी किती वेगाने काम करील आणि कधी कायमची बंद होईल, हे मुख्यतः आनुवंशिकता, संप्रेरके आणि पोषण यांवर ठरते. उड्यांच्या संख्येवर नाही. दांडीला लोंबकळल्यावर उंची वाढल्यासारखी वाटते, कारण दिवसभराच्या भाराने चेपलेल्या मणक्यांमधील चकत्या थोड्या सैल होतात. रात्री झोपेतही हेच होते, म्हणून सकाळी आपण सगळेच संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो, आणि ती उंची दिवसभरात पुन्हा जाते. उंची वाढवण्याची हमी देणारी चूर्णे आणि यंत्रे विकणारे लोक पालकांच्या काळजीचा गैरफायदा घेतात, एवढेच त्यांच्याबद्दल म्हणता येईल. व्यायामाने उंची खुंटते ही उलट बाजूची भीतीही तितकीच निराधार आहे.

आता खऱ्या विषयाकडे वळू. सात वर्षांची एक मुलगी दोन पायऱ्यांवरून खाली उडी मारते. आधी चवडे टेकतात, मग टाचा. गुडघे आणि कंबर वाकतात, तोल सावरायला हात पुढे येतात, आणि ती पुन्हा पायऱ्या चढू लागते. जमिनीवर येण्याची ही सगळी क्रिया अर्ध्या-पाऊण सेकंदात आटोपते. पण जमिनीने तिच्या पायांना दिलेला सर्वांत जोराचा धक्का त्यातल्या सुरुवातीच्या काही शतांश सेकंदांतच बसून गेलेला असतो, आणि त्या क्षणी तिच्या पायांवरचा भार तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो. तेवढ्या वेळात तिच्या नडगीचे हाड किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. जोरदार हालचालीतही हाडाच्या पृष्ठभागाच्या लांबीत पडणारा फरक साधारण हजारात एक-दोन भाग इतकाच असतो, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरच्या हाडात पाव ते अर्धा मिलिमीटर. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण हाडाला तो कळतो.

हाड भारानुसार स्वतःला घडवते, ही कल्पना जुनी आहे. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद घेतला, तेव्हा आतल्या जाळीदार हाडाच्या बारीक पट्ट्या विशिष्ट वळणांनी रचलेल्या त्याला दिसल्या. कार्ल कुलमान या अभियंत्याला ती वळणे ओळखीची वाटली, कारण वाकड्या मानेच्या यारीत (क्रेनमध्ये) भार ज्या रेषांनी वाहतो त्या रेषा तो कागदावर आखत असे आणि त्या हुबेहूब तशाच दिसत. पुढे १८९२ मध्ये युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने हाडाची रचना त्याच्यावरील भाराप्रमाणे बदलते असा नियम मांडला. नियम मिळाला, पण एका गोष्टीचा उलगडा व्हायला आणखी जवळजवळ शतक जावे लागले: भार पडला हे हाडाला समजते कसे?

माझ्या मते शरीरशास्त्रातील अत्यंत मोहक प्रश्नांपैकी हा एक आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे अधिक थांबतो. हाड घडवणाऱ्या पेशी आपल्याभोवती हाडाचा थर घालत जातात, आणि त्यांतल्या काही पेशी स्वतःच्याच बांधकामात गाडल्या जातात. गाडलेल्या पेशी मरत नाहीत. त्यांचे रूप पालटते, त्यांना चहू दिशांनी तंतूंसारखे लांब हात फुटतात, आणि त्या ऑस्टिओसाइट होतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे ४२ अब्ज पेशी असाव्यात असा अंदाज आहे. प्रत्येक पेशीचे हात कठीण हाडातल्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून शेजारच्या पेशींच्या हातांना जाऊन भिडतात. या नळ्यांची रुंदी एका मायक्रोमीटरच्याही काही अंशांएवढीच असते, आणि पेशीचा हात व नळीची भिंत यांमधल्या फटीत द्रव भरलेला असतो.

अडचण अशी होती की या पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत नुसत्या ताणून पाहिल्या, तर त्या हजारात एक-दोन भागांच्या ताणाला दादच देत नाहीत. त्यांना जागे करायला याच्या अनेक पट ताण लागतो, आणि तेवढा ताण प्रत्यक्ष हाडावर पडला तर हाडच मोडेल. मग जिवंत हाड एवढ्याशा वाकण्याला प्रतिसाद कसे देते? उत्तर त्या द्रवात आहे. पाण्याने भरलेला स्पंज एका बाजूने दाबला की पाणी दुसऱ्या बाजूकडे सरकते, तसे हाड वाकले की दाबल्या गेलेल्या बाजूचा द्रव ताणल्या गेलेल्या बाजूकडे ढकलला जातो. फट इतकी अरुंद आणि बारीक धाग्यांनी भरलेली असते की त्यातून रेटला जाणारा द्रव पेशीच्या हातांना ओढतो, आणि त्या जागी ताण कितीतरी पटींनी वाढतो. पेशीच्या आवरणात दाबाने उघडणारी दारे असतात. पिएझो-१ हे त्यांतले एक महत्त्वाचे प्रथिन २०१० मध्ये आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि स्पर्शाच्या व दाबाच्या संवेदनेवरील संशोधनासाठी त्यांना २०२१चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दार उघडले की कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि पेशीत संदेशांची साखळी सुरू होते. एरवी ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचे एक प्रथिन सोडत असतात; ते हाड घडवणाऱ्या पेशींना आवर घालते. भार पडला की त्या भागात स्क्लेरोस्टिन कमी होते, आवर सुटतो आणि नेमक्या त्याच जागी नवे हाड बसू लागते. वृद्धांच्या ठिसूळ हाडांसाठी जे रोमोसोझुमॅब नावाचे इंजेक्शन अलीकडे वापरात आले आहे, ते याच स्क्लेरोस्टिनला निकामी करते.

या यंत्रणेवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की द्रव हलायला हवा. हाड दाबून तसेच धरले तर द्रव एकदा सरकतो आणि थांबतो. पुढे कितीही वेळ दाबून ठेवा, पेशीला नवीन काही कळत नाही. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातील हाडावर हे दाखवून दिले: स्थिर भार ठेवलेले हाड, भारच न मिळालेल्या हाडासारखे झिजत गेले, आणि त्याच ताकदीचा भार क्षणात देऊन क्षणात काढून घेतला तेव्हा हाड वाढले. म्हणून पाठीवर जड दप्तर घेऊन रांगेत उभे राहण्याने मुलाचे हाड बळकट होत नाही, खांदे तेवढे दुखतात.

दुसरा निष्कर्ष मला अधिक आश्चर्याचा वाटतो. याच शास्त्रज्ञांनी दिवसातून किती वेळा भार द्यावा हे मोजले. दिवसाला अवघ्या ४ वेळा दिलेल्या भारानेही हाडाची झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड ठळकपणे वाढले. आणि १८०० वेळा दिला तरी ३६ पेक्षा जास्त फायदा झाला नाही. जपानमध्ये १९९७ साली उंदरांना रोज ५ उड्या मारायला लावल्या तेव्हा तेवढ्यानेही हाडात मोजता येईल इतकी वाढ झाली, आणि १०० उड्यांनी त्यात फारशी भर पडली नाही. यातून असा हिशेब निघाला, की सलग विसेक झटक्यांनंतर हाडाच्या पेशींची संवेदना जवळजवळ संपते, आणि ती पूर्ववत व्हायला काही तासांची विश्रांती लागते. म्हणजे एका दमात दोनशे उड्या मारणाऱ्या मुलापेक्षा दिवसातून तीनदा दहा-दहा उड्या मारणारे मूल हाडांच्या दृष्टीने कमी पडत नाही.

हे पक्षी आणि उंदीर झाले, मुलांचे काय? अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सुमारे ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांवर झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासंबंधात मोलाचा आहे. मुलांच्या एका गटाने ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यांवरून दोन्ही पायांवर १०० उड्या, आठवड्यातून तीन दिवस, सात महिने मारल्या. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ अंग ताणण्याचे व्यायाम केले. उडीच्या वेळचा धक्का वजनाच्या सुमारे आठपट होता. सात महिन्यांनी उड्या मारणाऱ्या गटात मांडीच्या हाडाच्या मानेतील, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागातील, खनिजांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४.५ टक्क्यांनी अधिक भरले. त्यानंतर उड्या थांबल्या, मुले मोठी झाली, आणि सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही खुब्याच्या हाडात १.४ टक्क्यांचा फरक उरलाच होता. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग तर शाळेच्या घंटेला बांधलेला होता: घंटा झाली की जागेवरच दहा उड्या, दिवसातून तीनदा. दिवसभराचा एकूण वेळ तीन मिनिटांच्या आसपास, आणि तरीही आठ महिन्यांत मांडीच्या हाडात फरक दिसला.

टक्के लहान दिसतात म्हणून ते झटकून टाकू नयेत, कारण हाडाची ताकद त्यातल्या खनिजाच्या वजनापेक्षा ते खनिज कुठे बसले आहे यावर अधिक अवलंबून असते. गोल दांडीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर हा विरोध सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. वाढत्या वयात हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नवे थर चढत असतात आणि झटक्यांचा प्रतिसादही मुख्यतः तिथेच उमटतो, म्हणून हाड रुंद होते. मोठेपणी ही संधी आक्रसत जाते. टेनिस आणि स्क्वॅश खेळणाऱ्या फिनलंडमधील स्त्रियांच्या दोन्ही हातांची तुलना झाली, तेव्हा मासिक पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांना खेळत्या हातात मिळालेला फायदा, नंतर खेळू लागलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट निघाला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या दंडाच्या हाडांचे मोजमाप २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात खेळ सोडून कित्येक दशके लोटलेल्या वृद्धांच्या फेकत्या हातात तारुण्यात मिळालेल्या रुंदीचा अर्धा आणि ताकदीचा एक तृतीयांश भाग शिल्लक आढळला. हाडाचे वजन वाढलेले होते ते बरेचसे ओसरले होते, आकार मात्र टिकून होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सांगितलेली आहे, आणि ती सगळ्यांना पाठ असते. त्याच सूचनांत पुढे, आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारी हालचाल हवी असेही म्हटले आहे, ते मात्र कुणी फारसे वाचत नाही. मैदानाला एकसारख्या वेगाने फेऱ्या मारणे हृदयासाठी चांगले असते. पोहणे आणि सायकल चालवणे तर उत्तमच, पण पाणी आणि खोगीर शरीराचे वजन पेलून धरतात, त्यामुळे या दोन्हींमधून हाडाला हवा तो झटका मिळत नाही. तो मिळतो दोरीवरच्या उड्यांत, लंगडीत, पळता पळता एकदम दिशा बदलण्यात, पायरीवरून खाली उडी मारण्यात. ज्या तासात मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत उभी असतात, त्या तासात हाडांना जवळजवळ काहीच मिळत नाही. शिक्षकांनी तास आखताना पाहण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे.

वर्गात घंटेच्या उड्या सुरू करायच्या असतील तर खोके लागत नाही, सपाट जमीन पुरते. मुलांनी दोन्ही पायांवर, गुडघे एकमेकांकडे न झुकवता यावे, एवढे पहिल्या आठवड्यात शिकवावे, आणि उड्यांची दिशा बदलत ठेवावी: पुढे, मागे, बाजूला, अर्धी गिरकी घेऊन, कारण नव्या दिशेने वाकलेल्या हाडात द्रवही नव्या वाटेने सरकतो. बांधकामाला लागणारे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आहारातून आणि उन्हातून मिळत राहायला हवे. एखाद्या मुलाची टाच किंवा गुडघ्याखालची हाडाची गाठ खेळल्यावर सतत दुखत असेल, तर त्याच्या उड्या काही दिवस थांबवून डॉक्टरांना दाखवावे. कूर्चेच्या वाढत्या भागावर स्नायूची ओढ बसून असे दुखते आणि विश्रांतीने ते बहुधा बरे होते.