गवत दिसलं की सी४, असं नसतं हो

सी३ आणि सी४ म्हणजे प्रकाशसंश्लेषणात हवेतला कार्बन पकडायच्या वनस्पतींच्या दोन पद्धती. "गवत म्हणजे सी४, झाडं म्हणजे सी३" हे कित्येक वर्षं फिरतंय, पण गहू, भात पण गवतंच की, आणि ती सी३ आहेत. खरं चेक करायचं तर कार्बन-१३ किती आहे ते बघतात (हा कार्बनचाच जरा जड प्रकार, रेडिओॲक्टिव्ह नाही हां, वय सांगणारा तो कार्बन-१४). सी३ मध्ये कार्बन पकडणारं रुबिस्को एन्झाइम जड कार्बन टाळतं म्हणून कार्बन-१३ची व्हॅल्यू साधारण उणे २७ पर मिल येते (म्हणजे ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा दर हजारी २७ ने कमी), मका-उसासारख्या सी४ मध्ये उणे १३च्या आसपास. मातीत दोन्हींचा पालापाचोळा मिसळतो, त्यामुळे उणे २० आलं तर अंदाजे अर्धं-अर्धं, आणि असे पॉइंट जोडत कुठे सी३ जास्त, कुठे सी४ याचा नकाशा बनतो. फक्त पाणी कमी पडलं की सी३ची व्हॅल्यूही थोडी वर (सी४च्या दिशेने) सरकते, आणि निवडुंग, अननसासारखी कॅम झाडं (रात्री कार्बन पकडायची तिसरी पद्धत) तर कधीकधी थेट सी४ सारखीच दिसतात, मग डोक्याला ताप.