पायगुण किती, गुण किती?

27 ऑक्टोबर 2024. वॉशिंग्टन शहराच्या वेशीवर, मेरीलँडमधल्या लँडओव्हरचं स्टेडियम, अमेरिकी फुटबॉलचा सामना. शिकागो बेअर्स 15, वॉशिंग्टन कमांडर्स 12, आणि घड्याळात जेमतेम एक डाव खेळण्यापुरता वेळ. वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्स या नवख्या क्वार्टरबॅकने (म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) चेंडू घेऊन बारा सेकंदांहून जास्त वेळ इकडून तिकडे पळापळ केली आणि मग देवाचं नाव घेऊन तो होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावला. असल्या फेकीला तिकडे 'हेल मेरी'च म्हणतात. खाली खेळाडूंचा घोळका. डाव सुरू होताना शिकागोचा एक बचावपटू प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना डिवचत होता. नेमका त्याच्याच हाताला लागून चेंडू उडाला आणि घोळक्यामागे मोकळ्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात जाऊन पडला. वॉशिंग्टन 18, शिकागो 15.

वॉशिंग्टनच्या या संघाने आदल्या वर्षी 17 पैकी 4 सामने जिंकले होते. त्या वर्षी जिंकले 12. शिवाय बाद फेरीत टॅम्पा आणि डेट्रॉइटला त्यांच्याच घरी हरवून संघ उपांत्य टप्प्यापर्यंत गेला, तब्बल 33 वर्षांनी. मधल्या काळात काय बदललं? जवळजवळ सगळं. 1999पासून मालक असलेल्या डॅन स्नायडरने 2023च्या जुलैत सुमारे 605 कोटी डॉलरला संघ जॉश हॅरिस यांच्या गटाला विकला. 2024च्या सुरुवातीला व्यवस्थापक म्हणून अ‍ॅडम पीटर्स आले, मुख्य कोच म्हणून डॅन क्विन आले. चाहत्यांना क्विन यांच्यात तारणहार दिसू लागला.

आपल्याकडे याला पायगुण म्हणतात. सून घरात आली आणि रखडलेलं प्रमोशन झालं, की श्रेय सुनेचं. (प्रमोशन हुकलं तर काय म्हणतात, तेही आपल्याला ठाऊक आहे.) शास्त्रज्ञांना या हिशेबात रस आहे, कारण पायगुण आणि गुण वेगळे काढणं वाटतं तितकं सोपं नाही.

आधी एक घरगुती प्रयोग करू. एक नाणं घ्या, 17 वेळा उडवा, छापा पडला की विजय धरा. 12 किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता साधारण 7 टक्के निघते. अमेरिकी फुटबॉलच्या या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत. सगळे अगदी तुल्यबळ असते आणि प्रत्येक निकाल नाण्यावर ठरला असता, तरी दर वर्षी दोन-तीन संघ 12 विजयांपर्यंत पोचले असते आणि तितकेच संघ 5 किंवा कमी विजयांवर अडकले असते. वर्तमानपत्रांनी वरच्यांच्या कोचला द्रष्टा ठरवलं असतं, खालच्यांच्या कोचला नारळ मिळाला असता. खरे संघ अर्थातच तुल्यबळ नसतात. पण 17 सामने हा नमुना किती तोकडा आहे, ते एवढ्यावरून कळतं.

फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली आईवडील आणि त्यांची प्रौढ मुलं यांच्या उंचीची मापं मांडली, तेव्हा त्यांना दिसलं की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाही. फार बुटक्यांची मुलंही तशीच थोडी वर सरकतात. सरासरीकडे परतण्याचा हा कल, जिथे जिथे निकालात नशिबाचा वाटा असतो तिथे दिसतो. आता कोच कधी बदलतात? संघ तळाला गेल्यावर. ताप 103 झाल्यावर अंगारा लावला, तर दोन दिवसांनी तो उतरणारच असतो, आणि श्रेय अंगाऱ्याला मिळतं.

हे तपासून पाहता येतं. बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगचे (आपल्या ओळखीच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलचे) 1986 ते 2004 या काळातले निकाल तपासले. कोच हाकलल्यावर संघ सुधारलेले दिसले. मग त्याने तितकीच पडझड होऊनही कोच न बदललेले संघ शोधले. तेही जवळजवळ तेवढेच सुधारले होते.

एनएफएलमध्ये तर तळातून वर येण्याची सोय नियमांतच आहे. शेवटून पहिल्या येणाऱ्याला नवे खेळाडू निवडण्याचा मान आधी मिळतो. डॅनियल्स वॉशिंग्टनला मिळाला तो दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीत, आणि तो क्रमांक मिळाला आधीच्या दारुण वर्षामुळे. पगारांवर कमाल मर्यादा असते, 2024मध्ये ती 25 कोटी 54 लाख डॉलर होती. त्यामुळे श्रीमंत मालकाला सगळे तारे विकत घेता येत नाहीत.

मग नशीब वजा कसं करायचं? बेसबॉलचे विश्लेषक बिल जेम्स यांनी एक साधी गोष्ट सुचवली: विजय मोजू नका, गुण मोजा. एका गुणाने जिंकलं काय किंवा तीसने जिंकलं काय, विजयाच्या रकान्यात एकच पडतो, पण संघाची ताकद दुसऱ्या आकड्यात जास्त दिसते. केलेले गुण आणि खाल्लेले गुण, दोन्हींचा ठरावीक घात घ्यायचा (बेसबॉलमध्ये वर्ग, अमेरिकी फुटबॉलसाठी 2.37), आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते मिळतं. रूप पायथागोरसच्या प्रमेयासारखं, म्हणून नावही तेच पडलं. भूमितीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वॉशिंग्टनने 2023मध्ये 329 गुण केले, 518 खाल्ले. सूत्र म्हणतं 4.3 विजय. मिळाले 4. म्हणजे तेव्हा नशीब वगैरे काही फिरलेलं नव्हतं, संघच वाईट होता. 2024मध्ये 485 केले, 391 खाल्ले. सूत्र म्हणतं साडेदहाच्या आसपास, मिळाले 12. मला हा आकडा फार बोलका वाटतो. आठ विजयांच्या वाढीतले सहाहून जास्त गुणांच्या हिशेबात बसतात, दीडेक वरकड आहे. ती हेल मेरी त्या वरकडीतच धरायची.

इंडियानापोलिस कोल्ट्सची 2012ची गोष्ट याहून मजेशीर आहे. आदल्या वर्षी 16 पैकी 2 विजय, त्या वर्षी 11. पण त्यांनी केलेले गुण 357 आणि खाल्लेले 387! सूत्राने त्यांना 7 विजयांच्या पुढे फारसं जाऊ दिलं नसतं. त्यातून नवे कोच चक पगानो यांना तीन सामन्यांनंतर रक्ताचा कर्करोग निघाला, ते उपचारांसाठी गेले आणि पुढचे बारा सामने त्यांचे सहकारी ब्रूस एरियन्स यांनी सांभाळले. त्यातले 9 जिंकले. आता पायगुण कुणाचा म्हणायचा?

सूत्रात बसतं ते सगळं कोचचंच, असंही नाही. 2024च्या मोसमात वॉशिंग्टनने चौथ्या, म्हणजे शेवटच्या संधीवर (जिथे संघ एरवी बहुधा चेंडू लाथेने लांब मारून देतात) 23 वेळा पुढे सरकण्याचा जुगार खेळला आणि 20 वेळा साधला. 87 टक्के. लीगमध्ये हे प्रमाण निम्म्याहून थोडंच जास्त असतं. नुसत्या योगायोगाने इतकी मजल जाणं अवघड. त्यामागे डॅनियल्सचे पाय होते: त्या वर्षी त्याने स्वतः धावून 891 यार्ड मिळवले, नवख्या क्वार्टरबॅकसाठी तो विक्रम आहे. आणि त्यामागे त्याचे डोळेही होते. चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायलाच माणसाला पाव सेकंद लागतो, तेव्हा बघून ठरवायला वेळच नसतो, आधीच ताडावं लागतं. कसलेला फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू ओळखतो, तसंच. डॅनियल्स कॉलेजपासून आभासी वास्तवाचा चष्मा लावून बचावफळ्या वाचण्याचा सराव करायचा, तोही चित्र पावणेदोन पट वेगाने पळवून. हायवेवरून उतरून गल्लीत शिरल्यावर गाडी रांगतेय असं वाटतं ना, तसा त्याला खरा सामना संथ वाटावा, हा हेतू. त्यातलं किती मैदानावर उतरतं याबद्दल मी जपून बोलेन, पण वॉशिंग्टनने त्याच्यासाठी तीच यंत्रणा आणली, आणि असल्या निर्णयाला मी नेतृत्वाचा गुण म्हणेन.

2025मध्ये मालक, व्यवस्थापक, कोच सगळे तेच होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलविरुद्ध डॅनियल्सचा कोपर निखळला आणि अख्ख्या मोसमात तो सातच सामने खेळू शकला. वॉशिंग्टन 17 पैकी 5 जिंकलं. मोसम संपल्यावर क्विन राहिले, त्यांचे आक्रमण आणि बचाव सांभाळणारे दोन्ही सहायक गेले. त्यांच्या जागी आता नवे आलेत.

आणि ते टॅम्पाचं राहिलंच. 12 जानेवारी 2025, 2024च्याच मोसमाची बाद फेरी, बरोबरी 20-20, शेवटचा क्षण. वॉशिंग्टनच्या झेन गोन्झालेझने 37 यार्डांवरून मारलेला चेंडू गोलच्या उजव्या खांबावर ठण्णकन आदळला. खांब जेमतेम चार इंच जाडीचा. चेंडू आतल्या बाजूला पडला.