झाडांसाठीचं हायड्रोजेल : पाकीट फोडण्याआधी वाचा

पाकिटातले दाणे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दिसतात. एक ग्रॅम दाणे पेलाभर पावसाच्या पाण्यात टाका. तासाभराने पेला उपडा केलात तरी धार लागत नाही, पाण्याचा थलथलीत गोळा झालेला असतो.

दाणा म्हणजे पॉलिमरच्या लांबच लांब धाग्यांचं जाळं. धाग्यांवर ऋण भार असतो आणि सोबत पोटॅशियम. मनुका पाण्यात फुगते तसं बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, धागे एकमेकांना दूर लोटतात, पण जागोजागी गाठी असल्यामुळे विरघळत नाहीत. आता त्या गोळ्यावर चमचाभर मीठ टाका, डोळ्यांदेखत पाणी सुटू लागेल.

म्हणूनच आम्ही प्रत्येकाला विचारतो, पाणी कुठलं? जड, क्षाराच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. ते धाग्यांना जखडून टाकतं आणि दाणा फारसा फुगत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल वजनाच्या किमान 350 पट पाणी धरतं, पण ते शुद्ध पाण्यात. तुमच्या विहिरीचा हिशोब वेगळा. आधी पेल्यात करून बघा, मग एकराचं घ्या.

मुरमाड, रेताड जमीन, कुंड्या, उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेली कलमं, इथे जेलचा खरा उपयोग. भारी काळ्या जमिनीला आम्ही सहसा देत नाही, ती मुळातच पाणी धरून ठेवते.

शेतासाठी एकरी 1 ते 2 किलो पुरतं. दहापट कोरड्या बारीक मातीत मिसळून पेरणीआधी सरीत, बियाण्याजवळ द्या. रोपं लावताना लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम कालवून अर्धा तास ठेवा आणि त्यात मुळं बुडवून लावा. वरून भुरभुरू नका. पहिल्या वर्षी आमच्याच रोपवाटिकेत आम्ही ते केलं होतं. उन्हाने दाणे वाळून गेले, मुळांना थेंबही मिळाला नाही. दाणे पुरल्यावर पहिलं पाणी मात्र भरपूर हवं, कारण जेल दिलेलंच पाणी धरतं.

डायपर फाडून त्यातलं जेल कुंडीत घालू नका. त्यात सोडियम असतं, त्याने माती चोपण होते.

दाणे कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. फरशीवर सांडले तर कोरड्या झाडूने गोळा करा. ओलं फडकं लावलंत की फरशी बुळबुळीत होते आणि पाय घसरतो.